चुकणाऱ्याचे काय होते?



व्हिडिओ गेम हा विषय या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. जमाखर्चाच्या वह्यांत डोके घालून बसणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाने त्यात का पडावे, असेही कोणी म्हणेल. परंतु जी वस्तू आपल्या घरात आली आहे, जिच्यापुढे आपली मुले तासन् तास बसतात, तिची माहिती करून न घेता तिला नुसत्या शिव्या घालणे आम्हाला पटत नाही. म्हणून या वेळी गेममधील एकाच प्रकाराविषयी चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे.

प्रकार असा. गेम चालू असतो. मुलगा आपल्या मनाने नायकाला पळवीत असतो, लपवीत असतो. मध्येच त्याच्या हातातला ताबा सुटतो आणि पडद्यावर सिनेमा सुरू होतो. नायक डोंगरातून चालला आहे, वरून मोठा धोंडा गडगडत येतो आहे, असे दृश्य असते. मुलगा हात सैल सोडून पाहू लागतो. एवढ्यात पडद्यावर एका बटणाचे चित्र झळकते. ते बटण क्षणार्धात दाबले तर नायक उडी मारून वाचतो, न दाबले तर तो धोंड्याखाली सापडतो. याला इंग्रजीत 'क्विक टाइम इव्हेंट' म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी 'झटपट प्रसंग' म्हणू. कुठे बटण एकदाच दाबायचे असते, कुठे ते भराभर बडवायचे असते, कुठे दाबून धरायचे असते, तर कुठे हातातले यंत्रच हलवायचे असते.

हा प्रकार का निघाला, तेही समजून घ्यावे. सिनेमात दिग्दर्शक आपल्याला हवे तसे दृश्य दाखवतो. गेममध्ये खेळणारा आपल्याला हवे तसे वागतो. दोघांचे एकत्र जमवायचे म्हणजे अडचण होते. सिनेमा दाखवावा तर खेळणारा कंटाळतो, खेळू द्यावे तर दृश्य हवे तसे दिसत नाही. तेव्हा चित्र दिग्दर्शकाचे आणि बोट खेळणाऱ्याचे, अशी ही तडजोड आहे. तडजोड वाईट नाही. परंतु तिच्यात खेळणाऱ्याला खरेच काही अधिकार मिळतो, की त्याला नुसते हुकमाचे ताबेदार केले जाते, हे पाहिले पाहिजे. आणि ते ओळखण्याची आमची एक साधी कसोटी आहे. जो चुकला, ज्याचे बोट वेळेवर पडले नाही, त्याचे पुढे काय होते?

या कसोटीवर जुन्या खेळापासून सुरुवात करू. सन १९८३ मध्ये अमेरिकेत 'ड्रॅगन्स लेअर' नावाचा खेळ आला. तो पैसे टाकून खेळण्याच्या मोठ्या यंत्रावर चालत असे. डिस्नेची नोकरी सोडून आलेल्या डॉन ब्लूथ या चित्रकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची चित्रे केली होती. एक शूर पण वेंधळा योद्धा राजकन्येला सोडवायला किल्ल्यात शिरतो, एवढीच गोष्ट. त्या काळी इतर खेळांत ठिपके-चौकोनांची माणसे असत, आणि येथे मात्र थेट कार्टून सिनेमा. लोकांची झुंबड उडाली.

आतली व्यवस्था अशी होती. लेसर डिस्क नावाच्या तबकडीवर सुमारे २२ मिनिटांची चित्रफीत होती. खेळणाऱ्याच्या हाती एक दांडी आणि तलवारीचे एक बटण. ठरावीक क्षणी ठरावीक दिशेला दांडी ढकलली की यंत्र पुढचे दृश्य लावी. चुकले की ते तबकडीवरचे मरणाचे दृश्य शोधून दाखवी. मग दुसरा जीव, तिसरा जीव, आणि ते संपले की पुन्हा पैसे टाका. इतर बहुतेक यंत्रांवर तेव्हा २५ सेंटमध्ये खेळ मिळत असे, येथे मात्र ५० सेंट मोजावे लागत.

आम्ही बी. कॉम. शिकलेली माणसे, त्यामुळे हिशेब चटकन डोळ्यांत भरतो. २२ मिनिटांचा सिनेमा सरळ दाखवला असता तर एका तिकिटात संपला असता. परंतु दर काही सेकंदांनी चूक होण्याची सोय करून ठेवल्यावर तेच २२ मिनिटे माणूस आठवडेच्या आठवडे पाहत राहतो आणि नाणी टाकत राहतो. खेळणाऱ्याची चूक ही येथे मालकाची जमेची बाजू होती. यात विचार करण्याचा भाग थोडा. कुठल्या क्षणी कुठली दिशा, हे पाठ करायचे. ज्याच्या खिशात पाठ होईपर्यंत नाणी टाकण्याची ऐपत, तो जिंकला.

त्यानंतर सन १९९९ मध्ये जपानमध्ये सेगा कंपनीचा 'शेनमू' हा खेळ आला. यू सुझुकी हा त्याचा कर्ता. 'क्विक टाइमर इव्हेंट' हे नाव याच खेळाने रूढ केले. १९८६ सालच्या योकोसुका या बंदराच्या गावात घडणारी ही कथा. वडिलांचा खून झालेला एक तरुण मुलगा खुन्याचा माग काढीत गावभर विचारपूस करीत हिंडतो. आम्हाला यातली एक गोष्ट विशेष वाटली. हा नायक पुढे बंदरावर नोकरी धरतो, रोज सकाळी वेळेवर हजर होऊन फोर्कलिफ्टवर पेट्या वाहतो आणि दिवसाची मजुरी घेतो. गेमच्या नायकाने गोदामात घाम गाळल्याचे असे उदाहरण विरळाच! या खेळातही पाठलाग आणि मारामारीच्या वेळी बटण झळकते. परंतु प्रत्येक चूक म्हणजे मरण नव्हे. कुठे नायक धडपडतो आणि प्रसंग वेगळा वळतो, कुठे तो प्रसंग पुन्हा खेळायला मिळतो. आणि त्यासाठी नवे नाणे टाकावे लागत नाही.

सन २००५ मध्ये या प्रकाराला ऊत आला. त्या वर्षी आलेल्या 'गॉड ऑफ वॉर' या खेळात मोठमोठ्या राक्षसांना शेवटचा घाव घालताना बटणे झळकतात. त्याच वर्षीच्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्ये नायक आणि त्याचा जुना साथीदार यांची चाकूची झटापट आहे. दोघे बोलत असतात, खेळणारा संवाद ऐकत निवांत बसतो, आणि बटण झळकून गेले की नायक मेलाच. मग तेच संवाद पुन्हा ऐकायचे. या दोन्ही खेळांचे खूप कौतुक झाले, आणि मग ज्याने त्याने आपल्या खेळात असे प्रसंग घुसवले. लोक कंटाळले. त्यांची एक तक्रार आम्हाला अगदी रास्त वाटते. इतके सुंदर दृश्य चालले असताना डोळे मात्र बटण कुठे झळकते तेच शोधत राहतात. चित्र पाहायचे राहूनच जाते! सन २०२३ मध्ये हाच 'रेसिडेंट ईव्हिल ४' नव्याने बनवला गेला, तेव्हा असे बहुतेक प्रसंग काढून टाकले आणि ती चाकूची झटापट खेळणाऱ्याच्या स्वतःच्या हाती दिली.

हुकमाप्रमाणे बटण दाबण्याचा कळस सन २०१४ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी : ॲडव्हान्स्ड वॉरफेअर' मध्ये झाला. त्यात नायकाच्या मित्राची अंत्ययात्रा आहे. नायक शवपेटीजवळ जातो आणि पडद्यावर सूचना येते, 'श्रद्धांजली वाहण्यासाठी एफ दाबा.' ज्या घरात मयत झाली आहे त्या घरातल्या माणसाला विचारा, दुःख असे बटण दाबून होते का? जगभरच्या पोरांनी त्याची टिंगल केली, आणि आजही कुणाची फजिती झाली की ती नुसते 'एफ' हे अक्षर लिहून पाठवतात. तुमच्या मुलाच्या मोबाईलवर तसे अक्षर दिसले तर त्याचे मूळ हे आहे.

याउलट, चांगली उदाहरणेही आहेत. सन २०१० मध्ये फ्रान्समधील क्वांटिक ड्रीम या संस्थेचा 'हेवी रेन' आला. एका बापाचा मुलगा पळवला जातो आणि बाप त्याला शोधतो, अशी कथा. सुरुवातीला हा बाप दात घासतो, जेवणाच्या टेबलावर ताटल्या मांडतो, मुलांशी खेळतो, आणि हे सारे खेळणाऱ्याने हात हळूवार हलवून करायचे असते. पुढे जिवावरचे झटपट प्रसंग येतात. कथेत चार मुख्य पात्रे आहेत. तुमच्या चुकीने त्यांतले एखादे मेले तरी खेळ थांबत नाही. उरलेल्यांना घेऊन गोष्ट पुढे जाते आणि शेवट बदलतो. येथे चुकीला परिणाम आहे, पण चुकणाऱ्याला बाहेर काढलेले नाही. सन २०१५ च्या 'अन्टिल डॉन' या भीतिपटासारख्या खेळात तर काही क्षणी हातातले यंत्र अजिबात न हलवता स्थिर धरावे लागते. घाबरलेल्या माणसाने शांत राहणे हीच तेथे परीक्षा. खेळणाऱ्याला भान देणारा असा प्रसंग आम्हाला शंभर बटणे बडवण्यापेक्षा मोलाचा वाटतो.

आता कसोटीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. ज्याचे बोट पडतच नाही, त्याने काय करावे? आपल्या वस्त्यांतून पॉवरप्रेसवर बोटे गमावलेली माणसे आहेत. लकव्याने एक हात लुळा पडलेली आहेत, जन्मापासून हातात जोर नसलेली मुले आहेत, वयामुळे हात थरथरणारे आजोबा आहेत. 'अमुक बटण भराभर बडवा' असे म्हणणारा खेळ या सर्वांना दारातच अडवतो. त्यांना कथा कळते, निर्णय घेता येतो, फक्त बोट चालत नाही. त्यांची बुद्धी कमी आहे म्हणून ते हरले, असे म्हणता येईल का? अजिबात नाही. दार अरुंद बांधले हा बांधणाऱ्याचा दोष आहे.

समाधानाची गोष्ट ही की हे दार आता थोडे रुंद होते आहे, कारण अपंग खेळाडूंनी स्वतः आवाज उठवला आणि काही कंपन्यांनी तो ऐकला. सन २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर' हे यंत्र काढले. त्यावर दोन मोठी बटणे असतात आणि पाठीमागे जोडण्या असतात, ज्यांना पायाने किंवा कोपराने दाबायची बटणे लावता येतात. त्याच वर्षीच्या 'स्पायडर-मॅन' या खेळात झटपट प्रसंग आपोआप पार पडावेत अशी सोय ठेवली गेली. सन २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' मध्ये तर अशा साठाहून अधिक सोयी आहेत. बटण बडवण्याऐवजी नुसते दाबून धरले तरी चालते, आणि दृष्टी नसलेल्यालाही तो खेळ पूर्ण करता येतो. अशा सोयींमुळे खेळाची मजा गेली, असे काही पट्टीचे खेळाडू म्हणतात. परंतु ज्याला सोय नको त्याने ती बंद ठेवावी. दुसऱ्याला दार उघडल्याने आपली जागा कमी होत नाही.

पालकांना यातून घेण्यासारख्या काही गोष्टी आहेत. पहिली, मूल हाकेला ओ देत नाही तेव्हा ते नेहमीच उद्धट असते असे नाही. हातात क्षणभराची मुदत असलेला प्रसंग चालू असू शकतो. 'हे झाले की उठ' असे सांगा, आणि मग मात्र शब्द पाळून घ्या. दुसरी, घरात कोणाच्या हाताला अडचण असेल तर खेळाच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाचा भाग आहे का, ते मुलांना शोधायला सांगा. पुष्कळ घरी ही सोय असूनही कोणी उघडून पाहिलेली नसते. तिसरी, वर सांगितलेल्यांपैकी 'रेसिडेंट ईव्हिल', 'गॉड ऑफ वॉर', 'हेवी रेन', 'अन्टिल डॉन' आणि 'द लास्ट ऑफ अस' हे खेळ अमेरिकेत १७ वर्षे व त्यावरील वयासाठी ठरवलेले आहेत. त्यांत रक्तपात आहे. लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेत. खेळ घेण्यापूर्वी वेष्टनावरचा वयाचा आकडा वाचण्याची सवय लावावी.

आणि शेवटची गोष्ट. एखाद्या रविवारी मुलाशेजारी बसा आणि त्याला विचारा, 'येथे तू चुकलास तर काय होते?' तो उत्साहाने सांगू लागेल. मग पुढचा प्रश्न विचारा, 'आणि ज्याला हे बटण दाबताच येत नाही, त्याचे काय?' या प्रश्नावर तो क्षणभर थांबला आणि विचारात पडला, तर त्या खेळातून त्याला काही मिळाले असे आम्ही समजू. शाळेत, कारखान्यात, कचेरीत, जेथे जेथे कोणी 'आत्ताच्या आत्ता कर, नाहीतर बाहेर हो' असे म्हणतो, तेथे त्याला हाच प्रश्न पुढे विचारावा लागणार आहे.