दुपारी चारचं टेस्टोस्टेरॉन

‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात हल्ली टेस्टोस्टेरॉन हळूच घुसवलेलं असतं. कोणी मागितलेलं नसतं, पण अहवालात आकडा ठळक छापून येतो, शेजारी ‘लो’, आणि चाळिशीतला धडधाकट गडी रात्रभर कूस बदलत राहतो. अलीकडे एका वाचकाने असाच अहवाल पाठवला : 275. मी आकड्याआधी वरच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. दुपारचे चार. जेवण करून, ऑफिसातून उठून दिलेलं रक्त.

मेख तिथेच आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. तरुणांत हा उतार अधिक. जेवणानंही ते खाली येतं. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं. कमी आलं तर आणखी एका सकाळी पुन्हा द्यायचं. तापात, आजारपणात तर तपासूच नये.

मग नॉर्मल किती? अमेरिका आणि युरोपातल्या 19 ते 39 वयाच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांवरून 2017 साली काढलेली मर्यादा आहे 264 ते 916 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना 300च्या खाली ‘कमी’ म्हणते. लॅबगणिक यात फरक पडतो. पण 350वाला आणि 850वाला, दोघेही नॉर्मल. 850वाला जास्त मर्द, असलं काही नसतं. शिवाय पोट सुटलेल्यांत हे संप्रेरक वाहून नेणारं प्रथिनच घटतं, त्यामुळे एकूण आकडा पडतो, तरी मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं.

मला खरा राग येतो तो यापुढच्या सल्ल्याचा. ‘एक इंजेक्शन घे, फ्रेश होशील,’ हे जिममध्ये सांगितलं जातं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी ग्रंथी अंडकोषांना हुकूम देणं थांबवते, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर जातात. बंद केल्यावर घडी बसायला अनेक महिने लागतात. पुरुषत्व वाढवायला गेलेला माणूस असा वंध्यत्वाच्या ओपीडीत येऊन बसतो. रक्त घट्ट होतं, ते वेगळंच.

इच्छा उडाली असेल, सकाळचं ताठरणं थांबलं असेल आणि दोन्ही सकाळचे आकडे कमी असतील, तर जरूर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. आणि मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.