पोलिसांची बेरीज

गणकयंत्राने दिलेले उत्तर निःपक्षपाती असलेच पाहिजे, असा समज अलीकडे सुशिक्षितांतही दृढ होत चालला आहे. यंत्राला ना जात, ना राग, ना लोभ. तेव्हा न्यायाच्या कामी त्याच्याइतका सरळ साक्षीदार दुसरा कोण, असा युक्तिवाद केला जातो. मला तो मान्य नाही.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पोलीस खात्याने २०११ साली ‘लेझर’ नावाची योजना काढली. ज्यांच्यावर विशेष नजर ठेवावयाची, त्यांची यादी गुण देऊन करीत. टोळीशी संबंध असल्यास ५ गुण, सशर्त सुटकेवर असल्यास ५, हिंसक गुन्ह्याची नोंद असल्यास ५. आणि पोलिसाने रस्त्यात थांबवून विचारपूस केली की दर खेपेस १. वाचकांनी हा शेवटचा एक गुण नीट पाहावा. ज्याचे गुण अधिक त्याला पोलीस अधिक वेळा हटकणार. हटकले की गुण वाढणार, आणि वाढले की पुन्हा हटकणार! बेरीज बिनचूक खरी; परंतु मोजली जात होती ती त्या माणसाची वागणूक नव्हे, पोलिसांची.

सेरा ब्रेन या समाजशास्त्रज्ञ विदुषीने हे चक्र बारकाव्यांनिशी जगापुढे मांडले, ते केवळ तक्ते चाळून नव्हे. सुमारे अडीच वर्षे त्या खात्यात जात राहिल्या, पोलिसांच्या गाडीतून हिंडल्या, ७५ जणांना त्यांनी बोलते केले. यास समाजशास्त्रात गुणात्मक संशोधन म्हणतात. (हे ‘गुण’ वरच्या गुणांहून निराळे, हे सांगणे न लगे.) लक्षावधी वस्तीच्या शहरात ७५ माणसांची ती काय मातब्बरी, असे गणिताचे अभिमानी विचारतील. किती लोक हटकले गेले हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्यांचा आक्षेप रास्त आहे. परंतु हटकणाऱ्याच्या मनात काय होते, हे त्याच्याजवळ बसल्यावाचून कसे कळावे?

लेझर योजना २०१९ साली बंद झाली. ब्रेनबाईंनी टिपलेली आणखी एक गोष्ट मात्र मला तिच्याहून बोलकी वाटते. पोलिसांच्या गाड्या कोठे फिरतात हे कळविणारी उपकरणे त्या गाड्यांत बसविलेली होती. पण पोलिसांच्याच संघटनेच्या विरोधामुळे ती दीर्घकाळ चालूच केली गेली नव्हती. इतरांवर नजर ठेवणाऱ्यांना स्वतःवरची नजर रुचली नाही!