बाटलीतला धूर

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचं आहे.

कोल्हापुरात हल्ली मळ्यावर किंवा गच्चीवर पार्टी ठरली की चुलीच्या जागी लोखंडी ग्रिल येतं. येऊ दे, ग्रिलशी माझं वैर नाही. पण त्याच्या शेजारी बार्बेक्यू सॉसची ती काळपट बाटली उभी राहते ना, तिथं डोकं फिरतं. बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा एकदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे, आणि बऱ्याच बाटल्यांवर पहिल्या दोन-तीन नावांतच साखर सापडते. खाली कुठंतरी धुराचा फ्लेवर. समोर कोळसे फुललेत आणि आपण धूर विकत आणलाय!

आणि हे कुठं, तर कोल्हापुरात. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचा गूळ 'कोल्हापुरी' म्हणून खपवतात अशी ओरड आपणच करायची, आणि मटणाला थोडी गोडी द्यायची वेळ आली की ग्लुकोज सिरप?

"अरे पण ती ऑथेंटिक चव असते" हा मित्रांचा आवडता युक्तिवाद. कुठली ऑथेंटिक? तिकडं अमेरिकेतच एकमत नाही. कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि मोलॅसिस (आपल्या काकवीची चुलतबहीणच). नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात नुसतं व्हिनेगर आणि मिरची, टोमॅटोचं नावही काढायचं नाही. साउथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा सॉस, अलाबामात चक्क मेयोनेजचा पांढरा. मग आपल्या हाताशी गूळ, चिंच आणि उन्हाळ्यात बरणी भरून ठेवलेला कांदा-लसूण मसाला असताना आपण नक्कल कुणाची करतोय?

बरं, नक्कल तरी नीट करा! सुरुवातीपासूनच सॉस थापतात. साखर निखाऱ्यावर पटकन करपते. गूळ तर त्याहून लवकर. म्हणून गोड सॉस शेवटच्या पाचेक मिनिटांत. त्याआधी लावायचं ते पातळ, आंबट-खारट पाणी. त्यानं मटण आतून रसाळ होतं असं सांगतात ते खरं नाही. पाणी आत शिरत नाही. ते उडून जाताना वरचा भाग थंड ठेवतं म्हणून करपणं लांबतं, आणि ओल्या पृष्ठभागावर धूर चांगला धरतो. बस्स.

आणि हे पाणी आपल्याकडं तयारच असतं हो! अळणी. बोकडाचं मटण कच्चंच निखाऱ्यावर टाकलं तर चिवट होतं, म्हणून आलं-लसूण, हळद लावून आधी अळणी शिजवायचं, जरा कमीच. फोडी सळईला, आणि उरलेल्या पाण्यात मीठ, लिंबू, तांबड्या रश्श्यावरचा दोन चमचे कट. झालं. ब्रश नसला तर अर्धा कांदा काट्याला टोचा. कोकणात घावनाच्या तव्याला तेल तसंच लावतात. मात्र कच्च्या मटणाचं मॅरिनेशन उरलं म्हणून तेच वरून लावू नका. लावायचंच तर आधी खळखळून उकळा.

शेवटच्या सॉससाठी 100 ग्रॅम गूळ, अर्धी वाटी चिंचेचा कोळ, दोन टोमॅटो वाटून, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, मीठ. मंद आचेवर चमच्याला चिकटेपर्यंत आटवायचं. वीसेक मिनिटं लागतात. आमच्या ऑफिसात एक बिल्ड व्हायला याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा "वेळ कुणाला आहे" हे मला सांगू नका :)

राहिला मुद्दा टिकण्याचा. प्रिझर्व्हेटिव्ह नाही, म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आठवड्याभरात संपवायचं. आमच्याकडं मात्र रविवारी रात्रीच कुणीतरी शेवटची भाकरी फिरवून पातेलं पुसून ठेवलेलं असतं.