ऊन फुकट, पाणी नाही

दिवाळीनंतर चार दिवस गावी जाऊन आलो. गाव मंगरुळपीर तालुक्यातलं. काकांच्या नाल्याकडच्या वावरात आता सौर पंप बसलाय. तिथे विहीर होती, पण वीजजोडणी नव्हती. इतकी वर्षं डिझेल इंजिनावर भागवलं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत दहा टक्के रक्कम भरली आणि पंप मिळाला.

काका म्हणाले, "इथलं तरी ओलीत दिवसा होते आता, बाबू."

हे 'दिवसा' काय असतं, ते शहरात राहून कळत नाही. घराजवळच्या वावरात जोडणी आहे, पण लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच. थंडीत रात्री दोन वाजता उठून हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे. पायाखाली साप, समोर रानडुक्कर. भारनियमनाच्या वर्षांत आम्ही पोरं लाईन यायची वाट बघत खाटेवर पडून असायचो. म्हणून सौर पंपाला उगीच नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं हा न्याय आहे, आणि तो फार उशिरा मिळतोय.

पण दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट खटकली. हरभऱ्याला पाणी देऊन झालं होतं, तरी पंप चालूच. दादाला विचारलं तर हसला. "ऊन कोनी इकत आनते काय? चालू दे ना!"

दादाचं चुकलं असं मला वाटत नाही. चूक योजनेच्या रचनेत आहे. डिझेल होतं तेव्हा दर तासाला खिशातून पैसे जायचे, म्हणून हात आपोआप आखडता राहायचा. आता सौर पंपाला इंधनखर्च नाही. घराजवळच्या वावरातली वीजही साडेसात एचपीपर्यंत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी मोफत आहे. थोडक्यात, सरकारने पंप चालवायची सोय केली, पण थांबवायचं एकही कारण दिलं नाही.

आणि आपला जिल्हा पडला माथ्यावरचा! काटेपूर्णा इथे उगम पावते, उत्तरेला अकोल्याकडे जाऊन पूर्णेला मिळते, म्हणजे पाणी तापीच्या खोऱ्यात. अडाण, अरुणावतीचं पाणी पैनगंगेत जातं, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात. पाऊस आपल्याकडे पडतो आणि दोन्ही बाजूंनी उतरून जातो. खाली काळा बेसाल्ट. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे थोडंच. आमच्या विहिरीला माघात तळ दिसतो. पंप डिझेलचा की उन्हाचा, हे विहिरीला थोडंच कळतं?

आता दादाच्या डोक्यात बोअर आहे. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून जास्त खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय आणि तिच्यावर नियंत्रणाची तरतूद आहे. साठ मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आमच्या गावात बोअरची गाडी येते तेव्हा हा आकडा कुणाच्या तोंडी नसतो. एकाने बोअर मारला की शेजारच्याची विहीर आटते, मग तोही मारतो. शेवटी सगळेच कर्जात, आणि पाणी होतं तेवढंच!

मग करायचं काय? पंप काढून घ्या असं मुळीच नाही. पाच एचपीच्या पंपाला पाचेक किलोवॅटचे पॅनल असतात. चांगल्या उन्हात दिवसाला वीसेक युनिट वीज निघू शकते. आपल्याकडे खरिपाचं सोयाबीन-तूर बहुतेक पावसावर. पंपाचं खरं काम रब्बीचे तीन-चार महिने. बाकीचे दिवस पॅनल नुसतेच ऊन खात उभे! तीच वीज तारेवर घेऊन शेतकऱ्याला भाव दिला, तर वाया जाणारं ऊन हे त्याचं एक पीकच होईल.

ही कल्पना माझी नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढून पंपावरची उरलेली वीज वीज कंपनीला विकली. २०१८ मध्ये गुजरात सरकारने सूर्यशक्ती किसान योजना आणली. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेतही जोडणी असलेल्या पंपांसाठी अशी तरतूद आहे. अर्थात भाव बरा हवा. नाहीतर वीज विकण्यापेक्षा पाणी उपसून शेजाऱ्याला विकणं परवडेल. आणि नाल्याकडच्या वावरासारखे तारेपासून तुटलेले पंप तारेला जोडण्याचा खर्च सरकारनेच करायला हवा.

मला तरी वाटतं, किती पंप बसवले हा आकडा मिरवण्यापेक्षा फेब्रुवारीत किती विहिरींना पाणी राहिलं हे मोजावं. गावाने दसऱ्याच्या सुमारास विहिरी मोजाव्यात आणि मग गहू किती, हरभरा किती ते ठरवावं. यासाठी कुठल्या योजनेची वाट बघायची गरज नाही. दोरी आणि दगड पुरतो.

काका हे वाचणार नाहीत, दादा वाचेल. दादा, रागावू नकोस. बोअरचे पैसे द्यायच्या आधी एकदा विहिरीत दोरी सोडून बघ, आणि शेजारच्यांनाही बोलाव. पाणी त्यांचंही आहे.