पावतीवर २००९ साल आले कुठून?

घरातला जुना संगणक सुरू होता होता काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे दाखवून थांबला, की घरात हमखास एक वाक्य ऐकू येते : ‘आता याचे दिवस भरले.’ दुकानात नेला की दुसरे ऐकू येते : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ या दोन वाक्यांच्या मध्ये थोडी चौकशी करायला जागा असते. तशी एक चौकशी आम्ही नुकतीच कोलशेतमध्ये केली.

कोलशेत गावात खाडीच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एक आपा राहतात. शिवणकाम करतात आणि वीस बायकांची भिशी सांभाळतात. भिशीचा हिशेब त्यांच्या मरहूम पतींनी घेतलेल्या संगणकावर असतो. विंडोज ७ वर चालणारे जुने यंत्र, पण एक्सेलच्या चार रकान्यांना तेवढे पुरते. दर महिन्याला पैसे जमा झाले की छापील पावती देण्याचा त्यांचा रिवाज आहे. त्या पावतीनेच घोटाळा केला. एका बाईच्या पावतीवर तारीख आली १ जानेवारी २००९. भिशी सुरूच झाली २०१७ मध्ये! दुसऱ्या दिवशी आणखी दोघी पावत्या घेऊन आल्या. त्यात भर म्हणजे मागच्या महिन्याची हिशेबाची फाइल नेहमीच्या जागी, यादीत सर्वांत वर, दिसेना. कोणी उघड आरोप केला नाही, पण ‘आपा, हिशेब नीट आहे ना?’ हा प्रश्न आला. दुसऱ्याचे पैसे अमानत म्हणून सांभाळणाऱ्या बाईला तेवढा प्रश्नही झोप उडवायला पुरेसा असतो.

यंत्राची तक्रार अशी होती की, काही सकाळी ते ‘सीमॉस चेकसम बॅड’ असे लिहून थांबे आणि एफ-१ किंवा एफ-२ दाबायला सांगे. आपा एफ-२ दाबून पुढे जात. काही सकाळी त्यानंतर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असे यायचे आणि विंडोज उघडायचेच नाही. काही सकाळी मात्र सगळे सुरळीत. एका दुकानदाराने सांगितले, खाडीच्या हवेने मदरबोर्ड खाल्ला. दुसरा म्हणाला, हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट करू. भिशीची नक्कल पेन ड्राइव्हवर होती, पण आपांच्या पतींनी जमवलेले घरचे सगळे फोटो फक्त त्या हार्ड डिस्कवर. म्हणून त्यांनी यंत्र दुकानातून परत आणले. हे त्यांनी फार शहाणपणाचे केले.

“कधी येतं, कधी नाही. त्याच्या मनाला येईल तसं,” आपा म्हणाल्या.

यंत्राला मन नसते. ‘कधी कधी’ येणारा बिघाडसुद्धा कशावर तरी अवलंबून असतो. फक्त ते ‘कशावर’ आपण टिपून ठेवलेले नसते. आम्ही स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि आपांच्या मुलीला एक वही दिली. आठ दिवस रोज सकाळी लिहायचे : संदेश आला की नाही, कोणता आला, आणि आदल्या रात्री संगणकाजवळ कोणी काय केले. हा शेवटचा रकाना तिला गमतीचा वाटला होता. उत्तर त्याच रकान्यात निघाले.

आठपैकी पाच सकाळी संदेश आला होता, तीन सकाळी नाही. त्या तिन्ही रात्री धाकट्या भावाने संगणकाच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर मोबाइल चार्जिंगला लावून ठेवला होता. म्हणजे त्या तीन रात्री भिंतीवरचे बटण चालू राहिले. बाकीच्या रात्री आपांनी झोपण्याआधी ते बंद केले होते. वीज वाचावी म्हणून ही त्यांची जुनी सवय, आणि चांगली सवय.

भिंतीवरच्या बटणाचा आणि तारखेचा संबंध काय? संगणक बंद असतानाही त्याच्या आतले घड्याळ चालू असावे लागते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत असे घड्याळ नव्हते. यंत्र सुरू केले की तारीख आणि वेळ हाताने भरावी लागे. १९८४ च्या पीसी-एटी या मॉडेलपासून घड्याळ आणि थोडीशी स्मृती असलेली चिप बोर्डावर आली, आणि तिला जागे ठेवायला एक बॅटरी. आजच्या यंत्रांत ती नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२. या आकड्यातच तिचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर संगणक ‘बंद’ असूनही पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालते. बटण बंद केले की सगळा भार त्या नाण्यावर. काही वर्षांत ते संपते आणि मग रातोरात घड्याळ कारखान्यात ठरवलेल्या सालावर जाऊन बसते.

‘चेकसम’ म्हणजे काय, हे आपांना समजवायला वेळ लागला नाही. बोर्ड आपल्या नोंदींची बेरीज करून ती शेजारी लिहून ठेवतो. सकाळी पुन्हा बेरीज करतो. जुळली नाही, तर म्हणतो की या नोंदींवर भरवसा नाही, आणि मूळच्या नोंदी लावून घेतो. भिशीच्या वहीत आणखी वेगळे काय होते!

मूळच्या नोंदी लागल्या की विंडोज आधी कुठे शोधायचे, हा क्रमही बदलतो. आपांच्या यंत्रात मूळ क्रम पेन ड्राइव्हला पहिला मान देणारा निघाला. दुसरा संदेश दोनच सकाळी आला होता, आणि वहीप्रमाणे त्या दोन्ही रात्री नक्कल घेऊन झाल्यावर पेन ड्राइव्ह लावलेलाच राहिला होता. हार्ड डिस्क ठणठणीत होती.

तरीही अंदाजावर खर्च करू नये, म्हणून उलटसुलट करून पाहिले. विंडोजमधून संगणक बंद केला, भिंतीवरचे बटण चालू ठेवले, अर्ध्या तासाने सुरू केला : तारीख बरोबर. मग बटण बंद ठेवून तोच अर्धा तास : २००९ हजर. खाडीच्या दमट हवेने रॅमच्या पट्ट्यांवर गंज चढतो हे खरे आहे, पण ती हवा भिंतीवरचे बटण पाहून काम करत नाही. बॅटरी काढून मीटर लावला, तर दीड व्होल्टसुद्धा भरला नाही.

बॅटरी बदलणे दहा मिनिटांचे काम आहे. प्लग काढा, संगणकाचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. ‘+’ खूण वर आहे ना, ते बघून मोबाइलवर फोटो घ्या. क्लिप नखाने दाबा. नवी बॅटरी बसली की बायोसमध्ये जाऊन तारीख आणि सुरू होण्याचा क्रम लावा. तिथेच ‘साटा मोड’ अशी एक ओळ असते. विंडोज बसवताना ती आयडीई होती की एएचसीआय, तशीच ठेवा. ती बदलली तर विंडोज ७ बऱ्याचदा निळा पडदा दाखवते, त्यावर शेवटी ७बी असा आकडा असतो, आणि पुष्कळ चांगल्या डिस्का त्या पडद्यापायी फुकट फॉरमॅट होतात.

काढलेल्या बॅटरीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. ती टेबलावर, शिवणाच्या डब्यात, बटणांत पडू देऊ नका. लहान मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून गंभीर भाजते. संपलेली बॅटरीही याला अपवाद नाही. असे झाल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायचा प्रयत्न न करता मुलाला तडक रुग्णालयात न्या. एरवी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात द्या.

राहिली हरवलेली फाइल. ती हरवली नव्हतीच. यादी तारखेप्रमाणे लावलेली होती, आणि २००९ ची तारीख घेऊन जतन झालेली फाइल सर्वांत तळाशी जाऊन बसली होती. पावतीतली तारीख ‘आजची तारीख’ या सूत्रातून येत होती. यंत्राला जो ‘आज’ वाटला तो तिथे छापला गेला. आता फाइलच्या नावातच साल आणि महिना असतो, आणि पावतीची तारीख आपा हाताने लिहितात. ब्राउझर अधूनमधून वेबसाइट सुरक्षित नाहीत म्हणून अडायचा, तेही थांबले. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि २००९ मधल्या घड्याळाला ते अजून सुरूच न झालेले दिसत होते.

पुढच्या भिशीला आपांनी तिन्ही पावत्या, फाइलचा कागद आणि मुलीची वही बायकांसमोर ठेवली. ज्या बाईने पहिला प्रश्न विचारला होता, तिनेच मोठ्याने आकडे वाचून बेरीज केली. पैपैसा जुळला. मग चिठ्ठी काढली गेली. रात्री भिंतीवरचे बटण आपा अजूनही बंद करतात.