बाबासाहेबांच्या लेखनाला एकच दार का?

बाबासाहेबांचे लेखन वाचायचे तर बहुतेकांसमोर दोन वाटा असतात. शासनाने छापलेला खंड मिळाला तर घ्यायचा, नाहीतर शासनाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवायची. वाटा दोन, दार मात्र एकच.

या दाराचा अनुभव चळवळीने घेतला आहे. १९८७ साली चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, आला. राम-कृष्णावरील परिशिष्टावरून गदारोळ होताच सरकारने माघार घेतली. १९८८ मध्ये आंबेडकरी जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे ते परिशिष्ट टिकले. २०२१ मध्ये खंडांची छपाई रखडल्याची बातमी ‘लोकसत्ता’ने दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

पीडीएफची वाटही सरळ नाही. आमच्या मढसारख्या, माळशेज घाटाजवळच्या गावात पावसाळ्यात रेंज येते-जाते. स्कॅन केलेला खंड मोठा असतो. डाउनलोड तुटले की पुन्हा पहिल्यापासून, तोवर दिवसाचा डेटा संपतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चार ओळींनाच पोरे बाबासाहेबांचे विचार समजतात. त्या ओळी खऱ्या की बनावट, हे कोण तपासणार?

यावर टोरेंट हा उपाय आहे. त्यात फाइलचे छोटे तुकडे होतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो इतरांना देतो. रेंज गेली तरी आलेले तुकडे वाया जात नाहीत. प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा टोरेंट फाइलमध्ये नोंदलेला असतो. मध्ये कोणी एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही आणि तो तुकडा नाकारला जातो.

पण देणारे सगळेच संगणक बंद असले तर? त्यासाठी वेबसीड आहे. साध्या वेबसाइटवर तीच फाइल ठेवायची आणि तिचा पत्ता टोरेंट फाइलमध्ये लिहायचा. देणारे नसले की तुकडे साइटवरून येतात; देणारे वाढले की साइटवरचा भार हलका होतो. साइट बंद पडली तरी लोकांकडच्या प्रती चालू राहतात. अट एकच: साइटवरची फाइल बदलायची नाही. इंटरनेट अर्काइव्ह २०१२ पासून हेच करते.

‘टोरेंट म्हणजे चोरी’ हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. चोरही रस्त्याने जातो, म्हणून रस्ता चोरीचा ठरत नाही. कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे आहे. निधनानंतर प्रथमच छापलेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. म्हणून ‘रिडल्स’ला आत्ता हात लावू नये. अनुवादाचे हक्कही वेगळे असतात. सुरुवात ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या १९३६ च्या मूळ इंग्रजी मजकुराने करावी.

देण्याचा भार मात्र गावावर टाकू नका. मोबाइल डेटावर जगणाऱ्या पोराने फक्त घ्यावे. देण्याचे काम शहरातल्या, घरी ब्रॉडबँड असलेल्या नोकरदार बांधवांचे आहे. ज्या संघटनेची वेबसाइट आहे तिने वेबसीड ठेवावे, ज्या विहारात संगणक आहे त्याने तो रात्री चालू ठेवावा.

जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीच्या दानाचा शिलालेख आहे. ती लेणी एका राजाच्या मेहेरबानीवर उभी राहिली नाहीत. बाबासाहेबांचे शब्द तरी एका सर्व्हरच्या मेहेरबानीवर का ठेवायचे?

जय भीम!