पट एक, नियम दोन

या महिन्याच्या टपालांत गिरगांवांतील एका वृद्ध गृहस्थांचें पत्र आमच्या हातीं आलें. त्यांच्या घरीं रविवारीं दुपारीं नातवंडें व शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलें वीस पैलूंचे फांसे घेऊन एक कथेचा खेळ मांडीत असत. पुढें वाद निघाला. थोरला नातू म्हणतो, ज्या खेळास बसलों त्याचेच नियम पाळावे. त्याची चुलत बहीण म्हणते, दुसऱ्या खेळांतील एखादा चांगला नियम यांत घेतला तर बिघडलें कोठें? वाद रात्रीच्या पानांपर्यंत पोंचला आणि गेले दोन रविवार डाव बसलाच नाहीं. गृहस्थ लिहितात, "भावंडांनीं एकत्र बसण्याचा तेवढाच प्रसंग उरला होता. यांत कांहीं निर्णय देतां येईल काय?"

प्रश्न मुलांच्या खेळाचा असला तरी पोरकट नाहीं. ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक अशीं सोंगें घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, पात्रें आपलें भाषण व कृति सांगतात, आणि कृतीचें फळ संशयित असेल तेथें फांसा टाकून त्यांत पात्राच्या अंगचा गुणांक मिळवितात. फांसा दिसला कीं वडील मंडळींस धर्मराजाची आठवण होते; परंतु येथें पण लाविलेला नसतो, म्हणून यास द्यूत म्हणतां येत नाहीं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें हा खेळ 1974 सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं प्रसिद्ध केला. तोही मिश्रणांतूनच जन्मला. सैन्यांच्या लढाईचे पटावरचे खेळ पूर्वीं होते. त्यांचे नियम घेऊन एकेका खेळाडूस एकेका वीराची भूमिका देण्यांत आली.

आमच्या मुलांनीं हा खेळ पुस्तकांतून नव्हे, ऐकून उचलला. हवी तेव्हां ऐकतां येणारी ध्वनिमुद्रित मालिका, जिला पॉडकास्ट म्हणतात, तींत मंडळी खेळतात आणि लाखों लोक कीर्तनास बसावें तसे ऐकतात. 'द अॅडव्हेंचर झोन' ही अशीच एक मालिका. 2014 सालीं ती मॅकएलरॉय आडनांवाच्या तीन भावांनीं आपल्या वडिलांस बरोबर घेऊन सुरू केली. पहिली मोठी कथा त्यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांनीं सांगितली. पुढची 'मॉन्स्टर ऑफ द वीक' या निराळ्या खेळाच्या नियमांनीं. 2021 मध्यें 'ईथरसी' नामक कथेच्या आरंभीं त्यांनीं एव्हरी ऑल्डर यांचा 'द क्वाएट इयर' हा खेळ घेतला. त्यांत पत्त्यांचें एकेक पान म्हणजे एकेक आठवडा, आणि सर्वांनीं मिळून एका वसाहतीचा नकाशा काढावयाचा. त्यांतून जें जग उभें राहिलें त्यांत मग पहिल्या खेळाचे फांसे पडूं लागले. अशा प्रयोगांवरून श्रोत्यांत दोन पक्ष पडतात, आणि गिरगांवच्या त्या माजघरांत पडले तेही तेच दोन पक्ष होत.

हा वाद आपल्या देशास नवा नाहीं. अल्बेरूनीनें सुमारें 1030 सालीं हिंदुस्थानाविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत चौघांनीं खेळावयाच्या बुद्धिबळाचें वर्णन आहे. कोणतें मोहरें हलवावें हें त्यांत फांसा ठरवी. म्हणजे बुद्धि व दैव हे दोन खेळ एका पटावर आणण्याचें धाडस आपल्या पूर्वजांनीं केलें होतें. पुढें सतराव्या शतकांत, मूळच्या पैठणच्या व काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठभट्टांनीं आपल्या नीतिमयूखांत बुद्धिबळाचे नियम दिले. याच नीलकंठांचा व्यवहारमयूख मुंबईच्या न्यायालयांत प्रमाण मानला जाई. मुंबई बेट, गुजरात व उत्तर कोंकण येथें मिताक्षरा व मयूख यांत विरोध आला तर मयूखास अग्रमान. परंतु शक्य असेल तेथें दोहोंचा मेळ घालावा, अशी रीत होती. 1956 च्या हिंदु वारसा कायद्यानंतर वारशाच्या बाबतींत तिचें कारण फारसें उरलें नाहीं. तरी दोन शास्त्रें एका घरांत नांदविण्याची ही रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आमच्या पिढीस नियमांचा हा विरोध बुद्धिबळाच्या पटावर भेटला. देशी पद्धतींत प्यादें पहिल्या खेळींतही एकच घर चाले. राजास एकदां घोड्याची चाल मिळे. शेवटच्या घरास पोंचलेलें प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरीं गेलें तेंच मोहरें होई. विलायती पद्धतींत प्यादें आरंभीं दोन घरें जाऊं शकतें, घोड्याच्या चालीऐवजीं किल्लेकोट असतो, आणि बढती मिळालेल्या प्याद्याचा बहुधा वजीरच केला जातो. मीर सुलतान खान देशी पद्धतींत वाढला, विलायतेस गेल्यावर परक्या नियमांत मुरला आणि 1929, 1932 व 1933 अशीं तीन वर्षें ब्रिटिश अजिंक्यपद मिळवून बसला. त्यानें दोन्ही शास्त्रें जाणलीं, पण एका डावांत त्यांची खिचडी केली नाहीं.

घरोघरीं मात्र खिचडी होई. आजोबा राजाची घोडेचाल सोडीत नसत, नातू किल्लेकोट सोडीत नसे. दोघांचेंही समाधान म्हणून दोन्ही ठेवीत, आणि राजा इतका सुरक्षित होई कीं डाव संपतां संपत नसे. दोन्ही नियमांचें प्रयोजन एकच, राजास आडोशाला नेणें. प्रयोजन एक असतां साधनें दोन ठेवलीं, तेथें खेळ बिघडला.

याचें उत्तर आम्हांस पूर्वमीमांसेंत सांपडतें. एका यज्ञाचे विधि दुसऱ्या यज्ञांत न्यावयाचे असतां मीमांसक प्रथम प्रकृति कोणती व विकृति कोणती हें ठरवितात. म्हणजे मूळ सांगाडा कोणाचा आणि त्यावर बेतलेलें काय. मग जरूर तेथें फेरफार करतात: अग्नीच्या नांवाचे जागीं सूर्याचें नांव घालतात. आणि जेथें विधीचें प्रयोजनच उरलें नाहीं तेथें तो विधि गळतो. सोन्याच्या गुंजांचा चरू करावयाचा असेल तर कांडण्याचा विधि करीत नाहींत. कारण कांडणें कोंड्यासाठीं, आणि सोन्याला कोंडा नसतो. बुद्धिबळांतही तसेंच. दोन घरें जाणाऱ्या प्याद्यास वाटेंत मारण्याचा विलायती नियम आहे; प्यादें एकच घर चालेल असें ठरविलें कीं त्या नियमास कामच उरत नाहीं.

आतां गिरगांवच्या नातीचें म्हणणें पाहूं. 'मॉन्स्टर ऑफ द वीक'मध्यें सहा पैलूंचे दोन फांसे टाकतात. गुणांक मिळवून बेरीज दहा वा अधिक आली तर यश. सात ते नऊ आली तर यश, पण त्यास कांहीं मोल द्यावें लागतें. सहा वा कमी आली तर अपयश. हें मधलें यश तिला आपल्या खेळांत हवें आहे. मागणी रसिकतेची आहे, कारण संसारांत बहुतेक यश तसेंच मिळतें. परंतु गणित पाहावें. दोन फांशांच्या 36 रीतींपैकीं सात, आठ व नऊ हे अंक अनुक्रमें 6, 5 व 4 रीतींनीं येतात. एकूण 15, म्हणजे शेंकडा सुमारें 42. वीस पैलूंच्या फांशावर प्रत्येक अंकाचा वांटा शेंकडा 5. तेथें सात ते नऊ हेच आंकडे नेले तर मधलें यश शेंकडा 15 वरच येईल व नियम नांवापुरता राहील. तो खरोखर आणावयाचा तर वीसांपैकीं आठ अंक त्यास द्यावे लागतील. म्हणून नातवास आम्ही सांगूं कीं बहिणीचा नियम घ्यावा; आणि बहिणीस सांगूं कीं तो आंकड्यांसह न उचलतां प्रयोजनासह उचलावा. प्रकृति मात्र नातवाच्याच खेळाची राहील. आणि जें ठरावयाचें तें फांसा हातांत घेण्यापूर्वीं ठरावें. डाव हरूं लागल्यावर सुचलेला नियम कितीही शहाणपणाचा असला तरी तो नियम नव्हे, पळवाट होय.

एकच नियम सर्वत्र लागू झाल्यानें लाभ झाले, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. जगाच्या नियमांनीं खेळल्यामुळेंच गिरगांवच्या खाडिलकर भगिनींस जगाचें दार उघडलें. वासंतीबाईंनीं 1974 सालीं पहिलें राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळविलें आणि रोहिणीबाईंनीं 1981 मध्यें आशियाई. पण घराच्या पटावर जग येऊन बसत नाहीं, घरचींच माणसें बसतात. देशी बुद्धिबळ घराघरांतून गेलें तेव्हां त्याबरोबर आजोबांस नातवापेक्षां अधिक ठाऊक असलेला एक खेळही गेला. त्याबद्दल आम्हांस आजही हळहळ वाटते.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांस आमची विनंती एवढीच कीं, त्यांनीं पंच होऊं नये. वहीचें एक पान काढून मुलांकडून घरचे नियम त्यांच्याच हातानें लिहून घ्यावे, प्रत्येक नियमाखालीं तो कशासाठीं आहे हें एका ओळींत लिहवावें, आणि स्वतःसाठीं एखादें लहानसें सोंग मागून घ्यावें.